कापलेल्या लाद्या दाराशी

दसरा झाला, आपट्याची पानं वाटून झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या बोईसरच्या फ्लॅटमधलं बाथरूम फोडायला माणसं आली. मुलानं सगळं आधीच ठरवलेलं. मला म्हणाला, "आई, धूळ फार होईल, त्यात तुझा खोकला. तू आठवडाभर ताईकडे पालघरला जाऊन ये. येशील तेव्हा सगळं चकचकीत."

मी म्हटलं, "मी कुठंही जाणार नाही."

"अगं, पण..."

"पण नाही नि बिण नाही. काम संपेपर्यंत मी इथनं हलणार नाही."

आणि जेवणाच्या टेबलाजवळची प्लास्टिकची खुर्ची ओढत नेऊन मी बाथरूमच्या दारात टाकली. बरोबर उंबऱ्यावर. सून हसली. नात हसली, तिनं माझा फोटोही काढला. एकच माणूस हसला नाही, ते म्हणजे आमचे हे. त्यांनी हातातला पेपर जरा जास्तच वर धरला.

तेव्हापासून मी इथंच आहे. जेवायला उठते, निजायला जाते, बाकी मुक्काम दारात. मांडीवर नातीचं जुनं लिहायचं पॅड घेऊन हे लिहितेय. बाहेर दसऱ्यानंतरचं ते अंग भाजणारं ऊन आहे. आत सिमेंट कालवलंय, आणि त्याचा ओला, थंडगार वास माझ्या नाकात जातोय. हे ऊन आणि हा वास एकत्र आले की मी ऐंशीची राहत नाही. विशीतली होते, आणि विशीतली झाले की मला राग येतो. साठ वर्षं होत आली, अजून येतो. लोक म्हणतात वयानं माणूस निवतो. कोण निवतं ते मला तरी दाखवा एकदा.

तेव्हा आम्ही कुंभवलीला राहत होतो. तारापूरला विजेच्या कारखान्याचं काम नुकतं निघालं होतं, म्हणजे साठ ते सत्तरच्या मधली ती वर्षं. माझं लग्न होऊन दुसरंच वर्ष. घरात आम्ही तिघं: मी, हे आणि सासूबाई. घर दगडमातीचं, जुनं, वर नळीची कौलं. मागे वाडी, केळी आणि मिरच्या. या दिवसांत भात कापून खळ्यावर येत असे आणि अख्ख्या गावाला पेंढ्याचा गोड वास लागत असे. संध्याकाळी वारा फिरला की तारापूरकडून सुकत घातलेल्या बोंबलांचा वास यायचा, मग सासूबाई म्हणायच्या, "आली बघ थंडी." मला ते दिवस आवडत. खरं सांगते, फार आवडत.

फक्त एक गोष्ट सोडून. घरात न्हाणी नव्हती.

आंघोळीला मागच्या अंगणात माडाच्या झापांचा आडोसा होता. आत एक सपाट दगड, एक हंडा, वर आभाळ. सासूबाईंची उभी हयात त्यात गेली. गावात सगळ्यांचं असंच, त्यामुळे लाजायचं काय? आडोशापलीकडून जायची ती आपलीच माणसं, आणि ती खाकरून जायची. ती रीतच होती. झापाशी आलं की पुरुषमाणसानं खाकरायचं, आतल्या बाईनं तांब्या वाजवायचा. एवढ्यावर सगळ्यांची अब्रू राहायची.

मग तारापूरचं काम निघालं. रस्त्यानं जीपगाड्यांची धूळ उडायला लागली. कुठकुठली माणसं आली, आणि त्यांना आमच्या वाडीतून जवळची वाट सापडली. त्यांना बिचाऱ्यांना खाकरायचं कुठं ठाऊक? एका सकाळी मी डोळ्यांना साबण लावून बसलेली, आणि झापाच्या अगदी पलीकडे दोन पुरुषांचे आवाज थांबले. काडी ओढल्याचा आवाज आला. बिडी पेटवत होते. मी तांब्या वाजवला, तर एक जण म्हणाला, "कोई है क्या?" आणि झाप हलला. हातानं हलला की वाऱ्यानं, देव जाणे. ते गेले. मी तशीच डोळे मिटून, गुडघे पोटाशी घेऊन बसून राहिले. साबण डोळ्यांत उतरला तरी हात हलेना.

त्या दिवसापासून मी अंगावरच्या लुगड्यानिशी आंघोळ करायला लागले, तीही उजाडायच्या आधी. एकदा न राहवून यांच्यापाशी रडले. हे शांत माणूस, आवाज कधी चढला नाही. पाठीवर हात ठेवून म्हणाले, "करू काहीतरी."

आणि केलं की! भादव्यात एके दिवशी म्हणाले, "स्वयंपाकघराला लागून ती कोठीची खोली आहे ना, तिथं न्हाणी करू. लाद्या बसवून घेऊ." मी बघतच राहिले. कुंभवलीत लादीची न्हाणी! सिमेंटला तेव्हा परमिट लागायचं, तेही यांनी मिळवलं. मला पालघरला दुकानात घेऊन गेले. दुकानदारानं लाद्या मांडल्या, हे मागे हात बांधून उभे राहिले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "रंग तू निवड."

त्या काळी बायकोला असं कोण विचारायचं हो? मी जमिनीला हिरव्या वेलाच्या सिमेंटच्या लाद्या निवडल्या, आणि भिंतीला कमरेइतक्या उंचीपर्यंत पांढऱ्या, चकचकीत. परत येताना बैलगाडीत पेंढ्यात ठेवलेल्या त्या लाद्यांवर मी पाय लागू नये म्हणून अंग चोरून बसले होते. माझ्यासारखी सुखी बाई त्या रस्त्यावर दुसरी नव्हती.

गवंडी आला मासवणहून. रावजी त्याचं नाव. पानानं तोंड लाल, बडबड्या, थट्टेखोर. पहिल्या दिवशी त्यानं भिंतीला ओळंबा सोडला आणि कपाळावर हात मारला. "वयनी, तुमची भिंत गरवार हाय!" खरंच, भिंतीला पोट आलं होतं. वर ती दोरीला चिकटे आणि मध्ये दोरीला ढकलून पुढं येई. जमीन शेणानं सारवून सारवून खाचखळग्यांची झालेली, एका कोपऱ्यात उखळ होतं तिथं खड्डाच. खोलीचा एकही कोपरा काटकोनात नव्हता. रावजी दोरी आवळायचा, बघायचा, शिवी घालायचा, पुन्हा आवळायचा. "ह्या घरात सरळ एकच वस्तू हाय," म्हणायचा, "ती मंजी ही माझी दोरी." कुठं बोटभर माल, कुठं चांगला वीतभर, असं करून त्यानं ती जमीन एका पातळीत आणली. मी स्वयंपाकघराच्या दारात तांदूळ निवडत बसून बघायची. भाकरी करपायची. सासूबाई म्हणायच्या, "अगो, लाद्या काय पळून जातात?"

लाद्यांची पहिली ओळ त्यानं धरली ती स्वयंपाकघराच्या दारापासून. पुरी, अख्खी लादी, वेलाला वेल जुळवून. मग पुढं पुढं सरकत गेला, आणि समोरच्या भिंतीशी पोहोचला तेव्हा पुरी लादी बसेना. खोली तिरकी ना! मग छिन्नीनं लाद्या कापून पाचरीसारखे तुकडे बसवायला लागला. एका टोकाला चार बोटं, दुसऱ्या टोकाला करंगळीएवढे.

मी म्हटलं, "रावजी, हे काय? दारातून आत आलं की समोर हे तुकडेच दिसणार. अख्ख्या लाद्या समोर नकोत का? तुकडे दाराशी घ्यायचे ना, पायाखाली जातील ते."

रावजीचा हात थांबला. तोंडातलं पान त्यानं या गालातून त्या गालात नेलं. "त्या भिंतीला पोट हाय वयनी. तिथं पुरी लादी बसायची नाय."

भिंतीला पोट होतं हे खरंच. मी जाऊन हात लावून पाहिला होता. मी पुन्हा तांदूळ निवडायला लागले. पण त्यानंतर रावजीनं माझी थट्टा केली नाही. मला वाटलं, मी त्याच्या कामात तोंड घातलं म्हणून रुसला असेल.

दुसऱ्या दिवशी हे म्हणाले, "सफाळ्याला तुझ्या बाबांचं भात कापायला आलंय. जा की जरा माहेरी. इथं धूळ, सिमेंट, त्यात लादी वाळेपर्यंत आत पाय ठेवता येणार नाही. येशील तेव्हा सगळं तयार." सासुरवाशिणीला आपण होऊन माहेरी पाठवणारा नवरा! मी आनंदानं ट्रंकेत लुगडी भरली. बोईसर स्टेशनपर्यंत हे स्वतः सोडायला आले. पॅसेंजर यायची होती. फलाटावर एक बाई अबोलीचे गजरे विकत होती. यांनी एक घेतला. माझ्या हातात दिला, केसांत माळायला काही धजले नाहीत. इकडंतिकडं बघत हळूच म्हणाले, "दिवाळीची पहिली आंघोळ नव्या न्हाणीत. तुझी."

सफाळ्याला मी काय काय सांगत सुटले असेन! आईला, वहिनीला, विहिरीवरच्या बायकांना. वहिनी म्हणाली, "बाई बाई, आता तू राणी. आम्हांला ये म्हण एकदा आंघोळीला." शेतात विळा चालवताना माझ्या डोळ्यांपुढं तो हिरवा वेल यायचा. आईनं नागरमोथा, कचोरा घालून घरी उटणं कुटलं आणि निघताना पुरचुंडी माझ्या हातात दिली. "नव्या न्हाणीत लाव हो," म्हणाली.

परत आले तेव्हा हे वाडीत होते. मी ट्रंक ओसरीवर टाकली, पायसुद्धा धुतले नाहीत, थेट स्वयंपाकघरात गेले. न्हाणीच्या दाराशी.

दार नव्हतं.

भिंत होती. दाराच्या जागी दगडमातीची भिंत, अजून ओली, वर चुन्याचा हात. मी वेड्यासारखी इकडंतिकडं बघितलं, मला वाटलं मीच चुकले. सासूबाई चुलीशी बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. म्हणाल्या, "बाजूच्या खोलीतून काढलंय दार. भाडेकरू आलेत."

मी घराला वळसा घालून बाजूच्या खोलीपाशी गेले. न्हाणीला पलीकडून लागून असलेल्या त्या खोलीला रस्त्याच्या बाजूनं वेगळं दार होतं. आत परक्या बाईचा संसार लागला होता; पितळेचे डबे, देवांच्या तसबिरी, दोरीवर लुगडी. आणि मधल्या, त्या पोट आलेल्या भिंतीत आमच्या स्वयंपाकघराची चौकट बसवलेली. तीच. तिच्यावर गौरीच्या वेळी मीच काढलेली कुंकवाची बोटं अजून होती. चौकटीतून न्हाणी दिसत होती. दारात पायाशी कापलेले तुकडे, आणि समोर अख्ख्या लाद्या, वेलाला वेल जुळलेला. एकदम सुरेख दिसत होती. जशी दिसायला हवी तशी.

हे आले तेव्हा मी तिथंच अंगणात उभी होते. म्हणाले, "अगं, चांगलं कुटुंब आहे. कऱ्हाडकडचं. कदम म्हणून आहेत, तारापूरच्या कामावर मोठे. सगळेच देतायत खोल्या. पण न्हाणी असल्याशिवाय ही माणसं येत नाहीत. आपल्याला करू पुढच्या वर्षी दुसरी."

मी विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

हे म्हणाले, "तू नव्हतीस ना इथं."

बस्स. एवढंच. मऊ आवाजात, समजूत घातल्यासारखं.

दिवाळीच्या पहाटे मी झापांच्या आडोशात गेले. उटण्याची पुरचुंडी न सोडता फडताळात टाकून दिली. थंड दगडावर बसले. भिंतीपलीकडून न्हाणीतल्या पाण्याचा आवाज येत होता, लादीवर पडणाऱ्या पाण्याचा आवाज वेगळाच, खणखणीत असतो. कदमांची मुलं खिदळत होती. मी तुळशीपुढं टाचेखाली कारीट फोडलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगो, हळू. किती जोरात!" मी काय फोडत होते ते त्यांना कळलं नसेल असं नाही. त्याच पुढं म्हणाल्या, "आमी नाय केल्या का आंघोळी? मेलो का?" मेल्या नाहीत. पण जगलेल्यांनी दुसऱ्यालाही त्याच दगडावर बसवायचं, हा कुठला न्याय?

फराळाचं ताट द्यायला गेले तर कदमवहिनी हात धरून आत घेऊन गेल्या. गोड बाई, तिचा काय दोष? "या की वैनी, अशा दारातनं काय जाताय? बघा तरी तुमची मोरी. तुमच्या मालकांनी भादव्यातच सांगितलं होतं आमच्या यांना, म्हणाले, लाद्या आमच्या मंडळींनी स्वतः निवडल्यात. म्हणून तर आम्ही बोईसरची जागा सोडून इथं आलो."

मी भादवा हा शब्द ऐकला. ऐकून न ऐकल्यासारखं केलं. म्हटलं, परगावची बाई, महिन्यांचा घोळ करत असेल.

आता तुम्ही म्हणाल, सांगितलं असतं तर या बाईनं समजून घेतलं असतं, घराला चार पैशांचा हातभार होता. छे! मुळीच नसतं घेतलं. मी नाहीच म्हटलं असतं. भांडले असते, रडले असते, जेवले नसते. माझा तो हक्क होता. माझा नकार कुणी ऐकून घेतला असता आणि मग भिंत घातली असती, तर मी इतकी जळले नसते. यांनी मला नाही म्हणण्याच्या जागेवरूनच उचलून गाडीत बसवलं, आणि हातात गजरा दिला.

पण गंमत बघा मनाची. त्या गजऱ्यापाशी मी अडायची. साठ वर्षं मी एक गोष्ट स्वतःशी घट्ट धरून ठेवली: स्टेशनवर जो माणूस होता तो खरा होता. मी गेल्यावर कदम आले असतील, यांना मोह पडला असेल, घाईत भिंत घातली असेल. माणूस मोहाला बळी पडतो, त्याला माफ करता येतं. रावजीचे तुकडे? ते भिंतीच्या पोटामुळे. वाकड्या घराचा हा एक फायदा असतो, कशालाही घराचं कारण देता येतं. तसं देत देत मी संसार केला. मुलं झाली, सासूबाई गेल्या. दुसरी न्हाणी आधी पुढच्या वर्षी होती, मग त्याच्या पुढच्या वर्षी. कदमांना कंपनीची घरं मिळाली, दुसरे आले, तिसरे आले. न्हाणी माझ्या वाट्याला आली तेव्हा वेल पार झिजला होता. पहिल्या दिवशी आत पाऊल टाकलं ते त्या कापलेल्या तुकड्यांवरच. मग घरही विकलं आणि आम्ही इथं आलो.

तर आज. लाद्या लावणारा इथला मुलगा उत्तरेकडचा, लेसर लावून भिंत बघतो. ही भिंतही सरळ नाहीच म्हणे, बिल्डिंग तीस वर्षांची. त्याला मी पहिल्याच दिवशी विचारलं, "कटिंग कुठं घेणार?"

तो हसला. "दरवाजे के पास, दादीजी. सामने पूरा पीस. आपको सब मालूम है."

"मालूम है, बाबा," मी म्हटलं.

दुपारी तो डबा खायला खाली गेला. घर निजलेलं. हे काठी टेकत टेकत आले आणि माझ्या खुर्चीशी उभे राहिले. पंच्याऐंशी उलटली, पाय लटलटतात. नव्या लाद्यांकडे बघत होते. मग म्हणाले, "दार आहे तिथंच राहणार आहे गं."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पहिल्यांदा या माणसानं आपण होऊन त्या दाराचा विषय काढला. मी म्हटलं, "तेव्हाही मला तसंच वाटलं होतं."

यांनी काठीच्या टोकानं सिमेंटचा एक खडा इकडचा तिकडं केला. मग म्हणाले, त्याच मऊ आवाजात, समजूत घातल्यासारखं, "आधी सांगितलं असतं, तर तू सफाळ्याला गेली नसतीस. आणि तू असताना रावजी भिंत घालायला तयार नव्हता. मग काय करणार?"

म्हणजे कदमवहिनी म्हणाल्या होत्या तो भादवाच खरा. रावजीलाही ठाऊक होतं, कऱ्हाडच्या कदमांना ठाऊक होतं, आणि फलाटावर पॅसेंजरची वाट बघताना यांनाही ठाऊक होतं. मी सोडून सगळ्यांना. मी साठ वर्षं जपून ठेवलेली तेवढी एक जागाही यांनी आज येऊन बुजवली, आणि यांना ते कळलंसुद्धा नाही.

मला रडू आलं नाही. मी एवढंच विचारलं, "आणि तो गजरा?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खरंच आठवत नव्हतं त्यांना. "कुठला गजरा?"

मी पॅड मिटलं. खुर्ची उंबऱ्यावर आणखी नीट सारून बसले.

"काही नाही," मी म्हटलं. "धूळ फार होतेय. तुम्ही आठवडाभर लेकीकडे पालघरला जाऊन या. याल तेव्हा सगळं चकचकीत."